पोलिश रेस्टॉरंटमध्ये झालिपिएची फुलं: चुन्याच्या भिंतीवर रंग कोणता?

चौकट:
क्राकूवमधल्या ४० खुर्च्यांच्या रेस्टॉरंटचं काम आहे. पोलंडमधल्या झालिपिए या घरांवर फुलं रंगवणाऱ्या गावासारखी भित्तिचित्रं आणि छताला काडीची झुंबरं (पायोंकी) करायची आहेत. गिलावा चुन्याचा, ताजा. अ‍ॅक्रिलिक रंगावर वॉर्निश मारलं तर टिकेल? मालकांना मध्ये खोखलोमा या रशियन चित्रशैलीचे लाल-सोनेरी पट्टेही हवेत.

चुनखडी:
अ‍ॅक्रिलिक नको. ताज्या गिलाव्यातली ओल बाहेर यायला बघते, वॉर्निश तिला कोंडतं आणि पोपडे धरतात. गिलावा किमान ४ आठवडे वाळू द्या, मग सिलिकेट रंग वापरा. तो खनिज भिंतीशी एकजीव होतो. वायरिंगच्या खाचा जिप्समने बुजवल्या असतील तर आधी उकरून चुन्याने भरा, नाहीतर तेवढाच पट्टा सुटतो. लाल-पिवळ्यासाठी आयर्न ऑक्साइड, निळ्यासाठी अल्ट्रामरीन घ्या. प्रशियन ब्लू चुन्यावर तपकिरी पडतो. गावात पूर्वी रंगाची पूड दुधात कालवत, पण वाफेच्या जागी त्याला बुरशी येईल.

भिंतभर फुलं मात्र काढू नका. चुलीच्या काजळीने काळवंडलेल्या भिंतींवर बायका चुन्याचे ठिपके द्यायच्या, त्यातून ही कला फुलली. म्हणून चूल, दार, खिडकी यांच्याभोवती दाट काम, बाकी भिंत पांढरी. खुर्च्यांच्या पाठी घासतात तिथवर, साधारण ९० सेंमी, लाकडी फळ्या लावा.

खोखलोमा रशियातल्या निझ्नी नोवगोरोदकडची, लाकडी भांड्यांवरची. तिथलं 'सोनं' म्हणजे कथिल किंवा अ‍ॅल्युमिनियमची पूड. वर वॉर्निश देऊन भट्टीत तापवलं की पिवळी झाक येते. भिंतीवर सोनेरी रंग फासून ती चमक मिळत नाही, आणि झालिपिएशेजारी ती परकीच. मालकांना समजवा.

काडीकाम:
पायोंकीला राईची काडी घ्या, दोन पेरांमधलीच. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. कोरडी काडी सुई घालताना उभी चिरते. ८ सेंमीचे १२ तुकडे दोऱ्यात ओवले की एक अष्टफलक (आठ त्रिकोणी बाजूंचा आकार) होतो. सगळे तुकडे नेमके सारखे हवेत, २-३ मिमीचा फरकही खाली लटकवल्यावर तिरका दिसतो.

चौकट:
आगीचं काय? आणि स्वयंपाकघर उघडं आहे.

काडीकाम:
ज्वालारोधक द्रव काडीला, कागदी फुलं जोडण्याआधीच द्या. टिश्यू कागदाचा रंग ओलाव्याने पसरतो. हॅलोजनच्या जवळ टांगू नका. शेगडीच्या बाजूला तर नकोच, तेलकट धूर कागदावर बसतो आणि तो धुता येत नाही. झुंबरं टांगण्याआधी अग्निशमन सल्लागाराची लेखी मान्यता घ्या.

चुनखडी:
एक राहिलं: इतक्या कडक पांढऱ्या भिंतींत आवाज घुमेल. पोलंडमधल्या वोविच भागातलं पट्ट्यापट्ट्यांचं लोकरी कापड भिंतीपासून ५ सेंमी सोडून टांगा, आवाज बराच खाली येतो.