अनुभव धागा: मोठा पंजा – सोनी ए सेव्हन थ्री की निकॉन झेड सिक्स?

दोन्ही कॅमेरे २०१८चे, दोन्ही फुल फ्रेम (सेन्सर जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा), दोन्ही २४ मेगापिक्सेल. सेकंडहँड घेणाऱ्यांची गाडी नेमकी या दोघांपाशी अडते. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पंजा २० सेंमीच्या पुढे असेल, त्यांनी लिहा. फोटोंचा दर्जा इथे नको. हातात धरल्यावर काय होतं तेवढंच, आणि लेन्स कोणती ते सांगा.

शटरवाला: सोनीची उंची ९५.६ मिमी, निकॉनची १००.५. पाच मिमी म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण करंगळी तिथेच अधांतरी राहते. मग सगळा भार तीन बोटांवर येतो. बॅटरी-कार्डासह सोनीची बॉडी ६५० ग्रॅम, त्यावर २४-७० एफ २.८ जीएम लेन्स ८८६ ग्रॅम; दीड किलो झालं. लग्नात मंगलाष्टकं संपेपर्यंत अंगठ्याच्या बुडाशी कळ येते.

जाडबोट्या: उंचीचं काय, खाली ट्रायपॉडची प्लेट लावली की भागतं. खरी गोची ग्रिप (बोटांनी धरायचा फुगवटा) आणि लेन्समधल्या फटीची, तिला इलाज नाही. सोनीवर २४-७० जीएम लावली की मधल्या बोटाची पेरं थेट बॅरलला, म्हणजे लेन्सच्या नळीला घासतात. तीच बॉडी ८५ एफ १.८ लेन्सवर सुखाची, कारण बॅरल बारीक. निकॉनची ग्रिप खोल आहे, बोटं नीट वळतात. पण त्या फटीतच एफएन१ आणि एफएन२ बटणं आहेत! एफएन१ मुळात व्हाइट बॅलन्सला (फोटोची रंगछटा ठरवणारी सेटिंग) दिलेलं असतं. ते नकळत दाबलं गेलं आणि डायल फिरली, की फोटो निळे. मेनूतल्या कस्टम सेटिंग एफ२ मध्ये जाऊन दोन्ही बटणांना ‘नन’ (काहीच काम नाही) द्या.

कोपरा_एफ८: सोनीवाल्यांसाठी दोन गोष्टी. उजवीकडची पट्ट्याची त्रिकोणी कडी बोटांच्या बेचक्यात टोचते. ती काढून दोरीचा अँकर लावा. दुसरं, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनच्या (फोटो उजळ-गडद करायच्या) डायलला लॉक नाही. जाड अंगठ्याने ती सरकते आणि सगळे फोटो काळपट. व्ह्यूफाइंडरमधल्या आकड्यावर नजर ठेवा, नाहीतर डायलवर गॅफर टेप (कापडी चिकटपट्टी). मागची चाकं फिरत असतील तर मेनूत ‘डायल/व्हील लॉक’ चालू करा, मग एफएन दाबून धरलं की ती बंद होतात.

शटरवाला: प्लेटबद्दल: साधी आर्का प्लेट (ट्रायपॉडला अडकणारी पट्टी) किंवा एल-ब्रॅकेट (तीच, पण बाजूलाही वळलेली) घ्या, करंगळीला जागा मिळते. घेण्याआधी बॅटरीचं झाकण प्लेट न काढता उघडतं का ते बघाच. सोनीची जीपी-एक्स१ईएम ग्रिपही याच कामाची, ट्रायपॉडच्या भोकात बसते.

उभीफ्रेम: बॅटरी ग्रिप (कॅमेऱ्याखाली लागणारा जादा बॅटरीचा भाग) घेणार असाल तर सावध. झेड सिक्सच्या एमबी-एन१० वर शटरचं बटणच नाही, डायलही नाही! दोन बॅटऱ्या आणि उंची, बस्स. कॅमेरा उभा धरला की कोपर हवेतच. सोनीच्या व्हीजी-सी३ईएमवर बटणं, डायल सगळं आहे. पोर्ट्रेट करणाऱ्याने एवढ्या एका कारणाने सोनी घेतला तरी मी नावं ठेवणार नाही.

जाडबोट्या: मान्य. पण आडव्या फ्रेमवाल्यांना निकॉनच. फक्त शटरमागची व्हिडिओ, आयएसओ आणि एक्स्पोजरची तीन बटणं इतकी चिकटून आहेत, की न बघता बोटाला ओळखू येत नाहीत.

उभीफ्रेम: दुकानात नुसती बॉडी हातात घेऊन ठरवू नका. रोजची सर्वात जाड लेन्स लावा, पट्टा न अडकवता पाच मिनिटं डोळ्याला धरा. तर्जनी शटरवरून पुढच्या डायलवर नेताना पकड सुटते का, आणि अंगठा एएफ-ऑनवरून (फोकसचं बटण) जॉयस्टिकवर जाताना मनगट वळतं का, ते बघा. वळत असेल तर एएफ-ऑन आधी दुसऱ्या बटणावर हलवून बघा, मग कॅमेरा नाकारा.