मदत हवी आहे: मुलाच्या गुडघ्याची वाटी सारखी निसटते, ऑपरेशन करावं का?

मंजिरी_प: मुलाला डाऊन सिंड्रोम आहे. गुडघ्याची वाटी बाहेरच्या बाजूला निसटते. एक डॉक्टर म्हणतात लगेच ऑपरेशन करा, दुसरे म्हणतात चालतोय ना, मग हात लावू नका. शनिवारपर्यंत कळवायचंय. कोणी केलंय का?

सह्यकडा: वय? एकच पाय की दोन्ही? वाटी परत जागेवर बसते का? हे कळल्याशिवाय काय सांगणार ताई?

मंजिरी_प: ११ वर्षं. दोन्ही, डावा जास्त. हाताने ढकलली की बसते. जिना उतरताना पडतो. दुखतं म्हणत नाही, पण दाढ किडली होती तेव्हाही म्हणाला नव्हता.

आबा_कराड: रोज तिळाच्या तेलाने मालिश करा. नातवाचा गुडघा त्यानेच बरा झाला.

फिजिओ_नेहा: आबा, डाऊन सिंड्रोमच्या मुलांचे लिगामेंटच (हाडांना जोडून धरणारे पट्टे) सैल असतात, स्नायूही ढिले. तेलाने ते घट्ट होत नाहीत. मांडीचे व्यायाम आणि नी-ब्रेस (गुडघ्याला आधार देणारा पट्टा), आधी तेच.

अनुची_आई: ब्रेस आम्हीही वापरला, खाली घसरायचा. शेवटी एमपीएफएल केलं, म्हणजे वाटीला आतल्या बाजूने धरणारा लिगामेंट मांडीमागच्या स्नायूच्या टेंडनपासून (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीपासून) नवा बनवतात. अनु आता जिना चढते. करून टाका!

फिजिओ_नेहा: सरसकट 'करून टाका' नको. वाटी निसटलेली असूनही आयुष्यभर चालणारे आहेत, आणि सैलपणामुळे ऑपरेशननंतरही ती पुन्हा निसटू शकते.

अनुची_आई: पण हा पडतोय ना!

विदर्भ_बाबा: यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं का? नसेल तर ऑनलाइन अर्ज करा.

सह्यकडा: कार्ड राहू द्या हो. ताई, उभं राहिल्यावर गुडघे एकमेकांना टेकतात का? तसं असेल तर नुसती वाटी बांधून भागत नाही, पायाचा बाकही बघावा लागतो. हाड वाढतंय तोवर छोटी प्लेट लावून तो हळूहळू सरळ करता येतो. आणि वाटी जागेवर राहावी म्हणून मोठ्यांमध्ये नडगीच्या हाडाचा उंचवटा कापून सरकवतात, तसं या वयात करत नाहीत, वाढीच्या पट्टीला (हाड जिथून वाढतं त्या भागाला) इजा होऊ शकते. ऑपरेशन करा म्हणणाऱ्या डॉक्टरांनी नेमकं काय करणार ते सांगितलं का?

मंजिरी_प: टेकतात. उभ्याने एक्स-रे कोणी काढलाच नाही. फक्त 'वाटी बसवू' म्हणाले.

अनुची_आई: मग शनिवारी होकार देऊ नका. भूल देण्याआधी मानेचंही विचारा. या मुलांचे मानेचे वरचे मणके सैल असू शकतात, भूलतज्ज्ञांना माहीत हवं. हृदयाची टूडी इको (सोनोग्राफीसारखी तपासणी) आणि थायरॉईडही.

मंजिरी_प: इको लहानपणीची आहे. तीच चालेल?

अनुची_आई: आमच्याकडे नवी मागितली होती. फाइल घेऊन जा, आणि उभ्याचा एक्स-रे मागा.