पेट्रोलमधून शिसं गेलं, मातीतून नाही

काही जण म्हणतात की शिसंमिश्रित पेट्रोल बंद झालं, आता इलेक्ट्रिक गाड्याही येतायत, तेव्हा रस्त्याकडेच्या मातीची काळजी नको. अर्धंच पटलं. देशभरात ते पेट्रोल २००० साली थांबलं, उत्तम झालं. पण शिसं कुजत नाही. मातीच्या वरच्या थरात, सेंद्रिय अंशाला चिकटून ते कित्येक दशकं बसून राहतं.

शिवाय आजचा मुख्य मामला धुराचा नाहीच, झिजेचा आहे. ब्रेक पॅडमधून तांबं आणि अँटिमनी (धातूसारखं एक मूलद्रव्य), टायरमधून जस्त (रबरात झिंक ऑक्साइड असतं). त्यामुळे मुंबईत पूर्व द्रुतगती मार्गावर गाड्या सुसाट जातात तिथल्यापेक्षा सायन सर्कलसारख्या ठिकाणी, जिथे पावलापावलाला ब्रेक दाबावा लागतो, तांबं जास्त साचण्याची शक्यता. इलेक्ट्रिक गाडीचे ब्रेक कमी झिजतील, मान्य. पण बॅटरीचं ओझं टायरवरच येणार ना! पावसाळ्यात यातलं बरंचसं गटारांतून मिठी नदीत आणि खाडीत जातं, ते वेगळंच.

दिलासा इतकाच की रस्त्यापासून काही मीटर आत गेलं की प्रमाण झपाट्याने उतरतं. म्हणून सोसायटीत पालक लावायचाच तर रस्त्याच्या कुंपणाला नको, मागच्या अंगाला लावा. भाजी धुतल्याने पानावरची धूळ जाते, मुळातून वर चढलेलं नाही. आणि दुभाजकातली माती कुंड्यांसाठी उचलणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

माती तपासायला देणार असाल तर वरचा पाचेक सेंटिमीटरचा थर वेगळा द्या. फूटभर खणून सगळं मिसळलंत तर आकडा फसवा, कमी येईल.