मदत हवी आहे: न्यूर्नबर्गमध्ये एकच दिवस, सासऱ्यांना कोर्ट बघायचंय आणि सासूबाईंना बाजार

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात आम्ही चौघं (मी, नवरा, सासूबाई, सासरे) बुडापेस्ट ते अ‍ॅमस्टरडॅम अशी नदीतली क्रूझ करतोय. व्हिसा आलाय, बाकरवडीची पाकिटंसुद्धा मोजून झालीत. घोडं अडलंय न्यूर्नबर्गपाशी. बोट सकाळी साडेआठला धक्क्याला लागते आणि संध्याकाळी सहाच्या आत सगळ्यांनी परत यायचं आहे.

सासरे निवृत्त वकील, उभा जन्म जिल्हा न्यायालयात गेला. नाझी पुढाऱ्यांवरचा खटला जिथे चालला ती ६०० नंबरची कोर्टरूम त्यांना बघायचीच आहे. "किल्ले आपल्याकडे काय कमी आहेत?" असं म्हणून त्यांनी बाकीचं सगळं आधीच फेटाळलंय. सासूबाईंचे गुडघे दुखतात, चढ आणि दगडी फरसबंदी त्यांना झेपत नाही. त्यांना चौकात बसायचंय, दुकानं बघायचीत. शिवाय त्या पक्क्या शाकाहारी, अंडंही चालत नाही.

बोटीच्या फेरीत बसने झेपेलिन मैदान (नाझींच्या सभा भरायच्या ते), मग किल्ला आणि शेवटी मुख्य चौकात मोकळा वेळ असा बेत आहे. कोर्ट फक्त बसच्या खिडकीतून! ही फेरी सोडून आपलं आपण फिरावं का? धक्का शहरापासून किती लांब आहे? आणि सासूबाईंनी खायचं काय?

कोकणकडा: फेरी सोडा. आणि जर्मानिशेस म्युझियम चुकवू नका. तिथे मार्टिन बेहाइमचा पृथ्वीगोल आहे, १४९२ चा, आज शिल्लक असलेल्यांत जगातला सर्वांत जुना. त्यावर अमेरिका नाहीच, कारण कोलंबस तेव्हा परतलासुद्धा नव्हता. आपला हिंदुस्थान शोधायला मजा येते.

एर्लांगनकर: ताई, आधी वार सांगा. कोर्टाचं संग्रहालय मंगळवारी बंद असतं.

धागाकर्ती: सोमवार आहे हो. हुश्श!

एर्लांगनकर: मग कोर्ट मिळेल, पण कोकणकडा यांचा गोल नाही. ते म्युझियम सोमवारी बंद.

मी इथून जवळच राहतो, आलेल्या पाहुण्यांना फिरवणं हा माझा जोडधंदाच झालाय. तुमची बोट माइन-डॅन्यूब कालव्यावर लागणार. जुन्या शहरातून वाहते ती पेग्निट्झ नदी, तिच्यात या बोटी येत नाहीत. त्यामुळे धक्का गावाबाहेर गोदामांच्या भागात असतो. चालत जाण्यासारखं नाही. आदल्या रात्री रिसेप्शनला सांगून दोन टॅक्सी मागवा.

एका टॅक्सीने सासरे आणि तुमचे यजमान थेट कोर्टात. २० नोव्हेंबर १९४५ ला इथे खटला उभा राहिला आणि १ ऑक्टोबर १९४६ ला निकाल संपला: १२ जणांना फाशी, तिघे निर्दोष. सासऱ्यांना एक आधीच सांगून ठेवा. जुन्या फोटोंत दिसते तशी खोली आता नाही. पत्रकार-प्रेक्षकांसाठी तेव्हा मागची भिंत काढली होती, ती पुन्हा बांधली. पण आरोपींना तुरुंगातून ज्या लिफ्टने वर आणत, तिचं दार आरोपींच्या बाकांमागे अजून आहे. वरच्या मजल्यावरचं प्रदर्शन वकील माणसाने निवांत बघावं. चार भाषांत एकाच वेळी दुभाषे कसे बोलत, हेडफोनची व्यवस्था कशी होती, हे सगळं तिथे आहे. दोन तास तरी द्या. तिथून बेअरनशान्झ स्टेशनवरून यू-१ मेट्रो पकडली की पाचव्या मिनिटाच्या आसपास लोरेन्झकिर्शे. तिथून पूल ओलांडला की मुख्य चौक.

तुम्ही सासूबाईंना घेऊन दुसऱ्या टॅक्सीने सरळ चौकातच या. बरोबर १२ वाजता फ्राउएनकिर्शेच्या दर्शनी भागावर १५०९ चं घड्याळ चालू होतं आणि सात इलेक्टर (बादशहा निवडणारे सरदार) बादशहा चौथ्या कार्लभोवती तीन फेऱ्या मारतात. बघायला सगळे माना वर करून उभे असतात. हेच चर्च १३४९ मध्ये ज्यूंची कत्तल करून, त्यांचं प्रार्थनास्थळ पाडून त्या जागी बांधलं, तेही याच कार्लच्या परवानगीने. गाइड हे सांगतोच असं नाही. मला मात्र ते माहीत झाल्यापासून ती बाहुल्यांची मिरवणूक पूर्वीसारखी बघवत नाही.

खाण्याचं: इथली प्रसिद्ध बोटाएवढी सॉसेजेस डुकराची, आणि लेबकुखनमध्ये (मसाल्याचा गोड केक) बहुतेक वेळा अंडं असतं. तेव्हा दुकानातून घेताना विचारा. मे म्हणजे पांढऱ्या श्पार्गेलचा, म्हणजे शतावरीच्या भाजीचा, हंगाम. बटाटे आणि नुसतं लोणी घालून मागवा, हॉलंडेझ सॉस नको, त्यात अंडं. बटाट्याच्या पदार्थांत बेकन घालायची खोड आहे, म्हणून "ओने श्पेक" (बेकन नको) हे दोन शब्द पाठ करा.

धागाकर्ती: खूप आभार! सासरे हे वाचून आत्ताच टाचणं काढायला बसलेत. किल्ला अगदीच सोडायचा का? आणि झेपेलिन मैदान?

एर्लांगनकर: किल्ला सोडा, सासूबाईंसाठी तरी. बाकी २ जानेवारी १९४५ च्या बॉम्बफेकीत जुनं शहर जवळपास सपाट झालं होतं, आता दिसतं ते बरंचसं पुन्हा उभारलेलं आहे. मैदानाला मात्र जेवणानंतर टॅक्सीने जाऊन या, वेळ उरला तर. ते उघडं आहे, तिकीट नाही. हिटलरचा वास्तुविशारद श्पेअर याने बांधलेल्या तिथल्या दगडी पायऱ्यांवरचं स्वस्तिक अमेरिकनांनी एप्रिल १९४५ मध्ये सुरुंग लावून उडवलं, त्याची फिल्मही आहे. सासऱ्यांना कोर्टानंतर हे बघायला आवडेल.

आणि एक. बाहेर पडताना धक्क्याचं नाव आणि बोटीचा फोन नंबर लिहून घ्या, पासपोर्टची झेरॉक्स जवळ ठेवा. तिथे एकसारख्या दिसणाऱ्या चार-पाच बोटी लागलेल्या असतात, आणि टॅक्सीवाल्याला नुसतं "बोट" सांगून भागत नाही. साडेचारला शहरातून निघा.

कोकणकडा: गोल राहिला म्हणजे पुन्हा यावं लागणार.

धागाकर्ती: पुढच्या वेळी सासऱ्यांना मंगळवारी आणते :)