फर्ग्युसनचं नाव बदलायचं कशाला?

टेकडीवाला: परवा इथे एकाने लिहिलं, "टिळक-आगरकरांच्या कॉलेजाला इंग्रज गव्हर्नराचं नाव ही गुलामीची खूण आहे, बदला." दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. अहो, ते नाव कुणी लादलेलं नाही! १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी काढणाऱ्यांनीच जेम्स फर्ग्युसनचं नाव घेतलं आणि २ जानेवारी १८८५ ला कॉलेज उघडलं. गुलामी काय असते हे त्यांना तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

सदाशिवपेठी: कळत होतं, पण राज्य इंग्रजांचं होतं. अडला हरी! आता काय अडलंय? १९०५ ला विदेशी कपड्यांची होळी केली म्हणून याच कॉलेजने सावरकरांना दहा रुपये दंड केला, वसतिगृहातून काढलं. आज तीच खोली जपतात. चूक सुधारता येते ना?

टेकडीवाला: खोली जपली म्हणून दंडाची गोष्टही टिकली. पाटी बदललीत तर १८८५ चं काय टिकेल?

तासिकावाली: पाटीवरून भांडा खुशाल. वर्गात शिकवणाऱ्यांचं काय? गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसनमध्ये महिना ७५ रुपयांवर राबले, हे आम्हाला दर शिक्षकदिनी ऐकवतात. मी प्राध्यापकपदासाठीची नेट परीक्षा पास, एका दुसऱ्या कॉलेजात अकरा वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढंच मानधन. मे महिन्यात शून्य रुपये, जूनमध्ये परत मुलाखत. गेल्या वर्षी पाच महिन्यांचं मानधन दिवाळी उलटल्यावर आलं. मुलाची फी भावाने भरली.

सदाशिवपेठी: ताई, वाईट वाटतं. पण त्यांनी त्याग केला म्हणून तर संस्था उभ्या राहिल्या.

तासिकावाली: ते आजीव सदस्य होते! संस्था त्यांची, कारभार त्यांचा, त्याग त्यांनी स्वतः ठरवलेला. मला साध्या मीटिंगला बोलावत नाहीत. आणि पगारावरून तेव्हाही भांडणं झालीच की. बाहेरची कमाई घ्यायची की नाही, यावरून फाटत गेलं आणि १८९० ला टिळक बाहेर पडले. आगरकर प्राचार्य असतानाच १८९५ ला गेले, चाळिशीसुद्धा गाठली नाही. त्यांच्या घरच्यांनी काय सोसलं ते कुणी भाषणात सांगत नाही.

टेकडीवाला: हे मात्र खरं. माझे वडील विनाअनुदानित शाळेत होते, आईने शिवणकाम करून घर चालवलं. मीही त्याला त्यागच म्हणत आलो.

सदाशिवपेठी: नावाबद्दल माझं मत तेच आहे. पण ताईंचं आधी व्हायला हवं, एवढं मान्य. यंदाचं मानधन आलं का?

तासिकावाली: ऑगस्टपर्यंतचं.