जखमी कबुतरांवर उपचार करणारे आणि पोत्याने दाणे ओतणारे एकच का?

वळचण : कबुतरांचा विषय निघाला की हे दोघे एकाच माळेचे मणी ठरतात. मला ते मुळीच मान्य नाही. जमिनीवर दाणे टिपताना कबुतरांच्या पायांत केस, दोरे गुंततात, फास आवळत जातो, रक्त पोचत नाही आणि बोटं काळी पडून गळतात. शहरात असे थोटे पाय सर्रास दिसतात. पक्षी कापडात धरून बारीक कात्रीने तो दोरा सोडवणारी माणसं आहेत. त्यांना वेडं का म्हणायचं? ही कबुतरं पाळीव पक्ष्यांचे वंशज आहेत. खडकांत राहणारे पारवे माणसाने हजारो वर्षांपूर्वी मांसासाठी, निरोपांसाठी पाळले. आता नकोसे झाले म्हणून जबाबदारी संपते?

तिसरा मजला : माझ्या आईला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस हा फुप्फुसांचा ॲलर्जीसारखा आजार आहे. विष्ठेतली आणि पिसांच्या भुकटीतली प्रथिनं वर्षानुवर्षं श्वासातून जातात आणि काहींच्या फुप्फुसांवर कायमचे व्रण पडतात. जिना चढताना तिला धाप लागते. तुम्ही पाय सोडवलेला पक्षी पुन्हा आमच्याच खिडकीत बसतो. तुमची करुणा खरी असेल, पण तिची किंमत आम्ही मोजतोय.

वळचण : आईंबद्दल वाचून खरंच वाईट वाटलं. खिडकीला जाळी लावा, त्याला माझा विरोध नाही. पण संख्या वाढते ती फुकटच्या अन्नामुळे. उपचारातून वाचतात ते मूठभर. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात १९६१ ते १९८५ या काळात सुमारे १ लाख कबुतरं मारली, तरी संख्या २० हजारांच्या आसपासच राहिली. मेलेल्यांची जागा नवी पिल्लं भरून काढत होती. १९८८पासून लोकांना समजावून दाणे टाकणं कमी केलं, तेव्हा काही वर्षांत संख्या निम्म्यावर आली.

दाणापाणी : म्हणजे सगळा दोष आमच्यावर? अन्न एकदम बंद केलं तर घरट्यातल्या पिल्लांचं काय? जोडी एका वेळी साधारण दोन अंडी घालते, अठरा दिवस उबवते, पुढे महिनाभर पिल्लं आईबापांवरच जगतात. भुकेने तडफडणारं पिल्लू बघून मला घास गिळवत नाही.

तिसरा मजला : मग रोज थोडं थोडं कमी करा. पोतं रिकामं करणं ही दया नव्हे. तुमच्या दाण्यावर आणखी पिल्लं जन्मतात, त्यातली कितीतरी मरतात. ती तुम्हाला दिसत नाहीत, एवढंच.

वळचण : हे अगदी बरोबर आहे. दाणापाणी, तुमच्यासारख्यांचीच खरी गरज आहे. जर्मनीत आउग्सबुर्गसह काही शहरांत कबुतरांसाठी खुराडी बांधली आहेत. तिथे ठरावीक दाणा मिळतो, अंडी काढून नकली अंडी ठेवतात आणि आत पडलेली विष्ठा गोळा करता येते. कबुतरांना रोज भेटणारी माणसं नसतील तर हे चालवणार कोण?

तिसरा मजला : खुराडं चालेल, पण घरांच्या भिंतींपासून लांब. साफ करणाऱ्याला चांगला मास्क हवा आणि कोरडी विष्ठा झाडायची नाही, ओली करूनच काढायची. शिवाय बाहेर दाणे टाकणं पूर्ण थांबलं पाहिजे, नाहीतर खुराडी आणि खिडक्या दोन्ही भरतील.

दाणापाणी : अंडी बदलायला मी जाईन. दाणे मात्र खुराडं उभं राहिल्यावरच थांबवेन, त्याआधी नाही.

तिसरा मजला : आईची फुप्फुसं तोवर थांबणार नाहीत. निदान खिडक्यांखाली टाकणं आजपासून बंद करा.