मदत हवी आहे : विज्ञानाच्या बातम्यांचं 'पुढे काय झालं' कुठे वाचायला मिळेल?

मंडळी, बारावीनंतर माझा पदार्थविज्ञानाशी संबंध सुटला तो सुटलाच, पण वाचायची खोड काही गेली नाही. रोज रात्री फोनवर विज्ञानाच्या बातम्या चाळतो. हल्ली लक्षात आलं, की बातमीची सुरुवात तेवढी माझ्यापर्यंत पोचते, शेवट कधीच नाही.

एलके-९९ आठवतंय? जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी जाहीर केलं, की साध्या तापमानाला आणि साध्या दाबालाही हा पदार्थ सुपरकंडक्टर आहे, म्हणजे विजेला अजिबात अडवत नाही. सोबत पुरावा म्हणून व्हिडिओ (सुपरकंडक्टर चुंबकावर तरंगतो ना) : चुंबकावर एक काळपट खडा, एक कड टेकलेली, बाकीचा अधांतरी. मी तो तीनदा बघितला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात 'तारांमधून वाया जाणारी वीज आता वाचणार' असं छातीठोकपणे सांगून मोकळा झालो.

परवा भाचीने विचारलं, "मामा, त्या खड्याचं पुढे काय झालं?" बोलती बंद! शोधलं तर कळलं, की ऑगस्टमध्येच निकाल लागला होता. नमुन्यात कॉपर सल्फाइडची भेसळ होती. साधारण १०४ अंश सेल्सिअसला त्याची रचना बदलते आणि विद्युतरोध एकदम घसरतो. ती घसरण सुपरकंडक्टरची समजली गेली. जर्मनीत स्टुटगार्टमधल्या संशोधकांनी याच पदार्थाचे शुद्ध स्फटिक बनवले, ते निघाले जांभळट, पारदर्शक आणि चक्क विद्युतरोधक. ही बातमी माझ्या फोनवर आलीच नाही.

तर असा पाठपुरावा नियमित कोण करतं? इंग्रजी चालेल, फार जड नको. मूळ शोधनिबंध उघडायला गेलं की 'पैसे भरा' येतं, त्यावरही उपाय सांगा. यूट्यूब कृपया सुचवू नका, मला वाचायचंय.

प्रतिसाद १
क्वांटा मॅगझिन. सायमन्स फाउंडेशनच्या पैशावर चालतं, म्हणून फुकट आणि जाहिरातींशिवाय. गणित आणि भौतिकीवरचे लेख अफलातून असतात. ताज्या बातमीसाठी मात्र उपयोग कमी.

प्रतिसाद २
बातमी कुठून निघाली ते आधी बघायची सवय लावा, साइट कुठली हे नंतर. एलके-९९ आर्काइव्हवर (arXiv) आलं होतं. १९९१ पासून चालू असलेल्या त्या साइटवर निबंध वरवर चाळला जातो, तज्ज्ञांकडून तपासला जात नाही. युरेकअलर्ट म्हणजे विद्यापीठांच्या आणि संस्थांच्या प्रेसनोटांचं कोठार. फिज डॉट ऑर्गवरही बराचसा मजकूर तोच, तळाशी 'कोणी पुरवला' ते लिहिलेलं असतं. आपल्याच मुलाचं कौतुक, थोडं जास्तच असणार.

माझी कसोटी साधी आहे : त्या संशोधनाशी संबंध नसलेल्या कोणा शास्त्रज्ञाचं मत बातमीत आहे का? नसेल तर ती पुढे सांगायची नाही. नेचर आणि सायन्स या नियतकालिकांचे बातम्यांचे वेगळे विभाग आहेत. तिथे असं मत बहुधा असतं आणि पाठपुरावाही होतो. स्टुटगार्टची गोष्ट मी नेचरमध्येच वाचली.

तज्ज्ञांनी तपासला म्हणजे सुटलो, असंही नाही हं. आर्सेनिकवर वाढणाऱ्या जिवाणूचा दावा २०१० मध्ये सायन्सने छापला, तो मागे घेतला २०२५ मध्ये! लेखकांना ते मान्य नव्हतं, हे वेगळंच. अशा भानगडींसाठी रिट्रॅक्शन वॉच वाचा. मला तर आता तेच सगळ्यात रंगतदार वाटतं.

पैशांचं म्हणाल, तर ब्राउझरमध्ये अनपेवॉल नावाचं एक्स्टेन्शन टाका. निबंधाची फुकट आणि कायदेशीर प्रत कुठे असेल तर शोधून देतं. नाहीच मिळाली तर लेखकाला ईमेल करा, लाजू नका. मला दोनदा प्रत आली आहे, एकदा तर सोबत 'वाचून कळवा' असंही.

प्रतिसाद ३
आरोग्याची बातमी असेल तर आधी 'उंदीर' शब्द शोधायचा, म्हणजे प्रयोग माणसांवर झालाय की नुसता उंदरांवर ते कळतं. शीर्षकात नसतो, चौथ्या परिच्छेदात दडलेला असतो.

धागाकर्ता
उंदराचं भारी आहे :) कालची एक बातमी तपासली, होता! सगळ्यांचे आभार. अनपेवॉल फोनवर चालतं का? मी संगणक फारसा उघडत नाही.

प्रतिसाद २
ते संगणकावरच बरं. फोनवर गूगल स्कॉलरमध्ये निबंधाचं शीर्षक टाका आणि खालच्या 'सर्व आवृत्त्या' उघडा. त्यात बरेचदा फुकटची पीडीएफ सापडते.